कावळ्याला दिलेला शब्द

मी आयुष्यात एकदाच एका बेसबॉल संघाचा मालक झालो, आणि तोही एका कावळ्यामुळे. कावळ्याला मी दोष देत नाही. तो भुकेला असणार. दोष माझ्या तोंडाचा.

मालकी हा तसा माझा प्रांत नव्हे. आमच्या सोलापुरात चार लूम टाकले की माणूस मालक होतो. चहाचा गाडा टाकला तरी पोरं मालक म्हणतात. मी शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी. मापं घ्यायची, पोरगं वर्षभरात वाढतं म्हणून उंची दोन बोटं जास्त ठेवायची, आणि तरीही जूनमध्ये आयांची बोलणी खायची, एवढंच माझं राज्य.

संघ माझ्या मित्राचा होता. तो पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम अडला की सगळे ज्याच्या तोंडाकडं बघतात तो माणूस. मूळचा मंगळवेढ्याकडचा. ज्वारीच्या काळ्या रानातून उठला आणि टॉवेल-चादरींच्या शहरात येऊन बसला. सगळा पेठेचा भाग त्याला जॉबरच म्हणायचा, त्याची बायकोसुद्धा.

शाळेत असताना खेळाच्या एका सरांनी त्याला सॉफ्टबॉल शिकवला होता. सर बदलून गेले, सॉफ्टबॉल सुटला, पण हाताची खाज राहिली. पुढं मोबाईल आला आणि जॉबरला अमेरिका सापडली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. तिकडं दिव्यांच्या उजेडात मॅच रंगात यायची तेव्हा इकडं जॉबरची सकाळपाळी लागलेली असायची. लूमच्या चौकटीला मोबाईल टेकवून तो तेल घालता घालता मॅच बघायचा. आवाज बंद. तसंही त्या खडखडाटात काय ऐकू येणार.

मी एकदा विचारलं, "आवाज नसताना कळतं कसं रे?"

"लूमबी बोलतोय व्हय? तरी कुटला धागा तुटला ते दिसतंयच की."

दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या एका गिरणीमागच्या मोकळ्या जागेत त्याचा संघ खेळायचा. लूमवरची पोरं, एक रिक्षावाला, औषधाच्या दुकानातला एक, पतसंस्थेतला शिपाई. वाया गेलेल्या सुतानं भरलेली पोती म्हणजे बेस, पळताना गाठायच्या जागा. चेंडू मात्र आम्ही घरी करायचो. बाहेरून मागवलेला खरा चेंडू फाटला तेव्हा जॉबरनं तो माझ्या कटिंगच्या टेबलावर उभा चिरला. आत बघतो तर काय, नुसतं सूत. मधे कॉर्कची गोळी आणि तिच्याभोवती सुताचे वेढेच वेढे. जॉबर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आयला, ही अमेरिका आपलंच काम करतीया की."

त्या दिवसापासून वाटणी ठरली. वहिनी, म्हणजे जॉबरची बायको, कारखान्यात कांड्या भरायच्या. धोट्यात घालायची सुताची कांडी भरताना हात कुठं ओढून धरायचा आणि कुठं सैल सोडायचा, हे त्यांच्या बोटांना पाठ. त्या घरी बसून गोळीवर सूत गुंडाळायच्या. मी वरून कातडं चढवून लाल दोऱ्यानं शिवायचो. माझा पहिला चेंडू अंड्यासारखा झाला. तो फेकला की कुठं जाईल ते फेकणाऱ्याला ठाऊक नसायचं, मारणाऱ्याला तर नाहीच. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, अजून म्हणतो की तो त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम चेंडू होता.

माझा दुसरा पराक्रम म्हणजे संघाचे कपडे. जॉबरनं मोबाईलवर फोटो दाखवला, मी मान डोलावली आणि शिवताना आपली अक्कल घातली. पँटीला बाजूनं लाल पट्टी, खांद्यावर सोनेरी नाडी. पहिल्याच बाहेरगावच्या मॅचला करमाळ्याला उतरलो, तर स्टँडवर एक गृहस्थ जॉबरला बाजूला घेऊन विचारू लागले, "वरातीला येता का? घोड्याची सोय आमच्याकडं हाय." जॉबरनं त्यांना नाही म्हटलं नाही. तारीख विचारून घेतली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "शिंपी, तू आमाला धंदा लावलास की."

खेळ संपला की लिंबाच्या झाडाखाली भाकरी-शेंगाचटणीची फडकी सोडून पोरं बसायची आणि जॉबर तिकडच्या संघांच्या कहाण्या सांगायचा. जपानात म्हणे संघ कंपन्यांचे असतात, एक रेल्वेचा, एक वर्तमानपत्राचा. "म्हणजे आपल्या गिरणीनं टीम ठेवली असती तर?" असं कुणी विचारलं की सगळ्यांची नजर त्या बंद धुराड्याकडं जायची आणि जॉबर विषय बदलायचा. अमेरिकेतल्या एका संघानं आपला सगळ्यात मोठा बॅटवाला दुसऱ्याला विकला आणि मग कित्येक दशकं त्यांना विजेतेपद मिळालं नाही. लोक म्हणायचे, शाप लागला. आणखी एक संघ तर शंभराहून जास्त वर्षं हरत राहिला. आजे गेले, बाप गेले. शेवटी जिंकले तेव्हा लोक आनंदानं नाचायचे सोडून दफनभूमीत गेले, बापाच्या थडग्याजवळ बसले आणि सांगून आले. मैदानाच्या भिंतीवर खडूनं मेलेल्यांची नावं लिहिली.

मला वाटायचं हा थापा मारतो. एकदा पिचरनं मोबाईलवर फोटोच दाखवले. खडूची नावं होती खरी.

"आपल्यात थडगं न्हाय," रिक्षावाला म्हणाला, "आपन कुटं सांगायला जायाचं?"

"आदी जिंक बे," जॉबर म्हणाला. "मग पत्ता देतो."

आम्ही जिंकणार होतोही, एकदा. आमच्या संघाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं यश म्हणजे एका जिल्हा स्पर्धेचं उपविजेतेपद, आणि त्याचं श्रेय सर्वस्वी माझं. बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसजवळ आपला एक माणूस उभा असतो. तो तोंडानं बोलत नाही, खुणा करतो. आमच्यात टोपीला हात म्हणजे थांब, आणि कान चोळला म्हणजे पळ. मला तिथं उभं केलं कारण रिकामा मीच होतो. एप्रिलचं ऊन, डोक्यावरून घामाचा एक थेंब निघाला आणि सावकाश माझ्या कानात शिरला. पुढचं सांगायला नको. औषध दुकानातला पोरगा दुसऱ्या बेसवर नीट उभा होता, तो जीव खाऊन पळत सुटला आणि समोरच्याच्या हातात जाऊन पडला. मॅच तिथंच गेली. येताना जॉबर एसटीत खिडकीशी बसला आणि मोहोळ गेल्यावर म्हणाला, "पुढल्या टायमाला कापूस घालून यायचं कानात."

तेव्हापासून बाजारात मी चुकून कान खाजवला तरी पोरं पळत सुटायची. भाजीवाल्या बायका दचकायच्या.

दमा दमा म्हणता म्हणता जॉबरची छाती निकामी झाली. लूमच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या छातीत किती कापूस असतो, ते डॉक्टर सांगत नाहीत. फोटो बघून फक्त मान हलवतात. दवाखान्यात मी रोज संध्याकाळी जायचो. तो मोबाईल उशाशी ठेवायचा, पण मॅच बघायचा नाही. बघितलं की श्वास चढायचा.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं आपणहून एक कहाणी काढली. ही त्यानं झाडाखाली कधी सांगितली नव्हती. एका शहराचा संघ होता. कामगारांचं शहर, लोकांचा जीव त्या संघावर. वर्षानुवर्षं शेवटच्या पायरीवर हरायचे, मग एकदाचे जिंकले. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मालकानं संघ उचलला आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला.

"टीम न्हेली?" मी म्हणालो. "टीम कशी नेतात?"

"न्हेली की. कपडे, बॅटी, मानसं, सगळं. नावबी तेच. तितं जाऊन लई जिंकली." तो थांबून थांबून बोलत होता. "हितलं ग्राउंड पाडलं. बिल्डिंगा केल्या. म्हातारी मानसं ऱ्हायली."

"मग त्या म्हाताऱ्यांनी काय केलं?"

त्यानं तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. नर्सबाई आल्या, मला बाहेर काढलं. दारातून मागं वळून बघितलं तर मास्कच्या वर त्याचे डोळे माझ्याकडं होते. डोक्यावर टोपी नव्हती, तरी त्यानं हात उचलून कपाळाशी नेला. थांब. मी म्हटलं, बरं, उद्या सांग.

उद्या त्याचा भाऊ मंगळवेढ्याहून आला आणि मी त्याच्यासोबत लाकडं आणायला गेलो.

दहाव्याला आम्ही नदीकाठी जमलो. पिंड ठेवले. शेजारी पत्रावळीवर जॉबरच्या आवडीचं सगळं, कांदाभजी, शेंगाचटणी, भाकरी, पितळीत चहा. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याच्या मनात काही राहिलं नाही, तो सुखानं गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय. मग जवळच्यांनी ती ओळखायची आणि पुरी करायचा शब्द द्यायचा. एका अर्थी ही शेवटची परीक्षा, आणि प्रश्नपत्रिका देणारा निघून गेलेला.

भाऊ पुढं झाला. "आबा, वैनीला अंतर देनार न्हाय." कावळे ढिम्म. "रानातला वाटा तिच्या नावानं करतो." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. जावई करमाळ्याहून आले होते, ते म्हणाले, "मामा, लेकीची काळजी करू नका." कावळ्यांनी जावयाकडं पाहिलंसुद्धा नाही. कुणी तंबाखू ठेवली. ऊन चढत होतं, पलीकडं दुसऱ्या घरची मंडळी पिंड घेऊन थांबली होती. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला गवत हातात घेतलं.

संघातली पोरं मागं ओळीत उभी होती, मी शिवलेल्या त्याच लाल पट्टीच्या पँटी घालून. पिचर माझ्या कानाशी आला. त्याचे वडील महापालिकेत होते, घरात बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धवंदना. "आमच्यात कावळ्याचं काय नसतंय, काका," तो हळूच म्हणाला. "पर जॉबरदादाच्यात हाय. दर्भाचा कावळा नगो. तुमी बोला कायतरी."

दर्भाचा कावळा नको, हे मलाही वाटलं. नकली माल जॉबरनं कधी चालवून घेतला नाही.

मी पुढं गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "जॉबर, टीम बंद पडू देनार न्हाय. मी चालवीन."

एवढं बोलून घाम पुसायला हात वर नेला, तो कानावरून गेला असावा. बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला, भजं उचललं आणि गेला.

गुरुजींनी गवत टाकून दिलं. भावानं माझे पाय धरले. मागून पिचरचा आवाज आला, रडका पण त्याचाच. "काका, तुमी कान चोळला. म्हनून पळाला त्यो."

संध्याकाळी वहिनींकडं गेलो. बातमी आधीच पोचली होती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर हात, हातात काही नाही. त्यांचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"तुमी कशाला बोलला, भावजी?"

"कावळा शिवत नव्हता."

"त्यो भज्यासाठी आला असंल. तुमाला दुसरा बेस कुटला नि तिसरा कुटला ते ठावं न्हाय." मग रिकाम्या हातांकडं बघितलं. "माझा आयतवार त्या ग्राउंडनं खाल्ला. वाटलं हुतं, आता तरी संपलं. जॉबर सुटला नि तुमी अडकला."

मी अडकलो हे खरं होतं. दुकानाच्या पाटीखाली संघाची थैली टांगली आणि रविवारी सकाळी शिट्टी घेऊन मैदानावर जाऊ लागलो. पोरांना काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं मी "शाब्बास" एवढंच म्हणायचो. झेल घेतला तरी शाब्बास, सुटला तरी शाब्बास. शेवटी पिचर म्हणाला, "काका, तुमी गप बसा की. तुमी बसलेलं पुरं हाय आमाला." मग मी लिंबाखाली बसू लागलो. भाकरीच्या वेळी पोरं माझ्या तोंडाकडं बघायची. मला एकही कहाणी नीट येत नव्हती. एकदा सांगायला घेतली तर रेल्वेचा संघ आणि शापाचा संघ एकत्र केले. पोरांनी दुरुस्त केलं नाही. ऐकून घेतलं. ते मला जास्त लागलं.

आणि पोरं जाऊ लागली. हे आमच्या गावाचं जुनंच दुखणं. सोलापुरात पोरगं मिशा फुटेपर्यंत असतं, मग पुण्याला जातं. पहिला रिक्षावाला गेला, तिकडं टॅक्सी चालवायला. मग पतसंस्थेतला शिपाई, कारखान्यात. औषध दुकानातला गेला तेव्हा माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद द्यायला हात वर केला तर तो मागं सरकला. "काका, खुणा करू नका," म्हणाला, आणि हसता हसता त्याचा चेहरा कसातरीच झाला. प्रत्येकाच्या टोपीचा निघालेला टाका मी जाण्याआधी घालून द्यायचो. दुसरं काय देणार.

नातेपुत्याकडच्या एका संघानं मॅचला बोलावलं तेव्हा माझ्याकडं सात जण उरले होते. नऊ तर लागतात. मी डोकं चालवलं, आणि माझं डोकं चाललं की काय होतं ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल. माझ्या ओळखीचे दोन बँडवाले होते, एक कर्णा वाजवणारा आणि एक ताशावाला. कपड्यांचा प्रश्नच नव्हता, त्यांना आमचे शोभूनच दिसले. त्यांना मी पार लांब, मैदानाच्या कडेला उभं केलं, जिथं चेंडू सहसा जात नाही. ताशावाल्यानं चक्क एक झेल घेतला. आम्ही पुढं होतो. खरंच पुढं होतो. आणि मॅच अर्धी झाली असताना त्यांच्या बँडमालकाचा फोन आला. अकलूजला वरात तासभर आधी निघणार होती. दोघं हात जोडून म्हणाले, "काका, तितं नवरा घोड्यावर बसलाय," आणि आमच्याच कपड्यांत मोटारसायकलवरून गेले. पंचांनी नियम सांगितला. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत पोरं खूप हसली, मी त्यांना हसवत आणलं. टेंभुर्णीला चहा पिताना मात्र पिचर म्हणाला, "काका, मलाबी पुन्यात काम मिळालंय."

मी म्हणालो, "शाब्बास."

पिचरमागून उरलेलेही गेले आणि रविवारी मी एकटाच मैदानावर जात होतो. थैली घेऊन जायचो, बेसची पोती मांडायचो, तासभर बसायचो आणि पोती उचलून आणायचो. शब्द दिला होता. संघ बंद पडू देणार नाही म्हणालो होतो, आणि पोती मांडली तोवर तो बंद नव्हता, असा माझा हिशेब. शेरडं चारणारी एक म्हातारी दर खेपेला बघायची. एकदा तिनं विचारलं, "काय वाळवायलाव?"

पावसाळा सरला आणि पिचरचा फोन आला. पुण्यात आपली सगळी पोरं एकमेकांना सापडली होती. रविवारी एका कॉलेजचं मैदान मिळत होतं. दोन नवे घेतले की संघ पुरा. तिथं लीग चालते, नाव नोंदवायचं होतं.

"नाव आपलंच ठेवतो काका. फकस्त थैली पाठवा. टोप्या, चेंडू, बॅटी. नव्या बॉलनं हात बसत न्हाय."

"टीम पुन्याला न्यायची?" माझा आवाज चढला. "ती काय फ्रीज हाय, उचलला नि न्हेला?"

मला दवाखान्यातली संध्याकाळ आठवत होती. टीम कशी नेतात, असं मी विचारलं होतं. अशी नेतात. फोन करून, अदबीनं, काका म्हणून.

थैली दिली तर सोलापुरात काही उरत नव्हतं. नाही दिली तर थैलीच उरत होती. जॉबरला दिलेला शब्द कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना. मी महिना दोन महिने फोन उचलायचे टाळले, कातरी हातात असल्याचं सोंग केलं. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आली तेव्हा पिचर सुटीवर सोलापूरला आला, दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही. थैलीकडं बघितलंही नाही. मी त्याला घेऊन वहिनींकडं गेलो. म्हटलं, निकाल तिथंच लागू दे.

वहिनी चेंडूला सूत गुंडाळत बसल्या होत्या. मला माहीतच नव्हतं की त्या अजून गुंडाळतात. कोपऱ्यात टोपलीभर नुसत्या सुताचे गोळे पडले होते, कातडं न चढवलेले, पांढरे.

"कुनासाठी करता?" मी विचारलं.

"हातच थांबत न्हाईत. जॉबर गेल्यापासनं असंच." त्यांनी पिचरला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "कावळ्याला काय बोलला हुता तुमी?"

"टीम बंद पडू देनार न्हाय."

"मग? आयतवारी पोती मांडून बसताय ती टीम हाय व्हय? मला शेरडंवाली सांगती समदं." त्यांनी गोळा मांडीवर ठेवला. "ह्या पोरांवर जॉबरचा जीव हुता. ग्राउंडवर न्हवता. ग्राउंडला तर शिव्याच द्यायचा, खडं लई म्हनून. न्हेऊ द्या."

पिचर मान खाली घालून बसला होता. वहिनींनी टोपली त्याच्यापुढं सरकवली, मग थांबल्या, त्यातला एक गोळा काढून घेतला.

"एवढा एक ऱ्हाऊ द्या. भावजी, ह्यो शिवू नका."

बाकीचे मी शिवले. दुकानातले गणवेश बाजूला ठेवून तीन दिवस लाल दोरा ओढत होतो. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, टाके वाकडे पडले. स्टँडवर पुण्याच्या गाडीत थैली चढवताना मी पिचरला म्हटलं, "एखादा अंड्यासारखा झाला असंल, बघून घे."

"त्यो मी माज्यासाठी ठेवतो," तो म्हणाला.

गाडी हलली. तो खिडकीतून बघत होता. मी हात वर करायला गेलो आणि खिशात घातला.

भाद्रपदात, पितृपंधरवड्याच्या आधीच्या रविवारी, मोबाईलवर फोटो आला. पोरं ओळीत उभी, लाल पट्ट्यांच्या पँटी, मधे एक चषक. लीगमधला सगळ्यात खालचा गट असेल, मला त्यातलं कळत नाही. पण जिंकली होती. उपविजेते नव्हे. फोटोच्या कडेला दोन अनोळखी पोरं होती, त्यांच्याही डोक्यावर आमच्या टोप्या. मी दुकानातून उठून कुणाला दाखवायला बाहेर आलो. समोरचा बूट दुरुस्तीवाला जेवायला गेला होता. गल्लीत दोन शाळकरी मुली चालल्या होत्या, माझ्याकडच्याच गणवेशात. मग मी परत आत जाऊन बसलो. जॉबर, त्या म्हाताऱ्यांनी हे केलं असणार. परत आत जाऊन बसले असणार.

जॉबरच्या तिथीला वहिनींनी गच्चीवर पान ठेवलं. भाऊ गावाकडं करत होता, तरी इथंही ठेवायचं म्हणाल्या. खीर, वडे, शेंगाचटणी आणि कांदाभजी. कठड्याच्या टोकाला त्यांनी तो न शिवलेला गोळा आणून ठेवला होता, का ते मी विचारलं नाही. पलीकडं बंद गिरणीचं धुराडं दिसत होतं. आसपासच्या सगळ्या गच्च्यांवर पानं वाढलेली, त्यामुळं कावळ्यांचे भाव वधारलेले. आमच्याकडं बराच वेळ कुणी आलं नाही.

"आता शब्द बिब्द देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"न्हाय. निरोप हाय नुसता."

एक कावळा टाकीवर येऊन बसला, मान वाकडी करून. मी मोबाईल काढून फोटो त्याच्यापुढं धरला. साठीच्या माणसानं गच्चीवर उभं राहून कावळ्याला फोटो दाखवणं कसं दिसतं ते मला कळत होतं. शेजारच्या गच्चीवरची सून बघत होती.

"जिंकली," मी म्हणालो. "पुन्यात. पोरं आपलीच हायत."

कावळा बसून राहिला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी टोपी नसलेल्या कपाळाशी हात नेला, जॉबरनं नेला होता तसा. थांब. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग हात खाली आणला आणि कान चोळला. या खेपेला मुद्दाम.

त्यानं भजं उचललं आणि गेला, धुराड्याच्या अंगावरून, स्टेशनच्या पलीकडं, पुण्याच्या बाजूला. अर्थात दिशा मला फारशा कळत नाहीत. वहिनी म्हणाल्या, ते अक्कलकोट होतं.